कापसातलं आदितेज

ढाणकीत हंसाबाईंच्या घरापुढे रांग लागली होती, ती कापसात हात घालायला. भाव वाढेल या आशेने समोरच्या खोलीत कोंबून ठेवलेला त्यांचा वर्षभराचा कापूस आतून तापला होता. चूल नाही, वीज नाही, तरी गरम! आम्ही गावकरी हात घालत होतो आणि "जय तेजोनाथ!" ओरडत होतो.

"चंद्र नव्हता, सूर्य नव्हता, तवाचं हे आदितेज!" तेजोनाथ महाराज गरजत होते, जणू सृष्टीच्या आरंभी ते जातीनं हजर होते. आठवड्यापूर्वी त्यांनीच त्या गंजीवर घागरी घागरी तीर्थ ओतलं होतं. "अमावस्येपर्यंत कापूस जागचा हलला, तर घर भस्म!"

हंसाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. खरेदी केंद्र अमावस्येआधीच बंद होणार होतं आणि आतला कापूस पिवळा पडू लागला होता. त्या गुपचूप शाळेतल्या विज्ञानाच्या जया मॅडमकडे गेल्या. मॅडमनी थोडा कापूस मागून घेतला आणि काही दिवसांनी भर गर्दीत गोधडीत गुंडाळलेलं पोतं घेऊन आल्या.

"नीळकंठकाका, तुम्ही महाराजांचे पक्के भक्त. घाला हात."

"अरे बाप! हे बी तापलं! कोणता मंत्र मारला, मॅडम?"

"हापशीचं पाणी मारलं. ओल्या कापसात, सरकीत बारीक जीव वाढतात. त्यांच्या जगण्याची ही ऊब. दाबून भरलं की ती बाहेर निघत नाही."

"मंग ते पयलं तेज खोटंच काय?" हंसाबाईंनी विचारलं.

"तेज खरं, काकू. महाराज खोटे. सगळं विश्व एकदा लई दाट अन् तप्त होतं. त्या दाटीत प्रकाशालेही वाट नव्हती. विश्व पसरलं, निवलं, तवा तो मोकळा झाला. आजबी आभाळभर हाय. पण अब्जावधी वर्षं निवून ती ऊब आता बर्फाहून कितीतरी थंड! यंत्रालेच कळते. खोलीत खरं आदितेज असतं, तर काकांचा हात गारठला असता!"

गर्दीत खसखस पिकली. महाराज "भस्म! भस्म!" म्हणत चपला शोधू लागले. हंसाबाईंनी पदर खोचला. "पाहून काय राह्यले? काढा कापूस उन्हात!"

रांगेतल्यांनीच कापूस अंगणात पसरला. घर जागेवरच राहिलं. आतला थोडा कापूस वाया गेला, बाकीचा वाळून वेळेत केंद्रावर पोचला.

मला महाराजांपेक्षा आमचाच राग येतो. आठवडाभर रांगेत उभे राहिलो, पण गरम कशानं झालं, हे एकानंही विचारलं नाही. विचारत जा हो! विश्व पहिल्यांदा कसं उजळलं, हे माणसाला कळलं तेही कुणीतरी विचारलं म्हणूनच.