करंजावरची पाटी

गोपाल मास्तरचं अक्षर गावात सगळ्यात देखणं. लग्नाच्या कमानीपासून शाळेच्या भिंतीपर्यंत जिथं म्हणून रंगानं काही लिहायचं, तिथं त्याला बोलावणं ठरलेलं. रविवारच्या श्रमदानाचा पुढारीही तोच. तीन वर्षांपूर्वी वडील, पंजाबराव, गेले तेव्हा त्यानं राख नदीत सोडली नाही. पाझर तलावाच्या वाटेवर श्रमदानातून पस्तीस खड्डे खणले होते, त्यातल्या एकात ती टाकली, वर झाड लावलं आणि जमलेल्या लोकांपुढं चांगली पंधरा मिनिटं बोलला. "झाड लावणं सोपं आहे, जगवणं अवघड आहे," हे त्यानं दोनदा सांगितलं. पेपरात फोटो आला. मग बाकीच्यांनीही आपापल्या गेलेल्या माणसांच्या नावानं खड्डे भरले, आणि पस्तीसच्या पस्तीस पाट्या गोपालनं स्वतः रंगवल्या.

रंग वाळला, टाळ्या झाल्या, मास्तर घरी आला. झाड तिथंच राहिलं.

त्याच उन्हाळ्यात त्यानं घरावर माडी काढली. स्लॅब पडला. मिस्त्रीनं एकवीस दिवस पाणी मारायला सांगितलं, मास्तरनं अठ्ठावीस दिवस मारलं. मे महिन्यात गावाला आठ दिवसाआड नळ, तरी हा टँकर मागवून सकाळ-संध्याकाळ पाईप धरून माडीवर उभा. सिमेंटला तहान लागते हे त्याला पाठ होतं. तलावाच्या वाटेवर बाप तहानेला आहे, हे काही त्याला आठवलं नाही. पावसाळा लागल्यावर तो तिकडं गेला, तर खड्ड्यात हातभर वाळकी काडी उभी होती आणि तिच्यामागं त्याची सुंदर अक्षरातली पाटी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. फक्त इथं पाषाणाला पाणी मिळालं होतं.

तेव्हाच खरं सांगून टाकलं असतं तर काय झालं असतं? आई दोन दिवस बोलली नसती, बहीण रडली असती, दुसरं झाड लागलं असतं. पण पुण्याहून सुचितानं फोनवर विचारलं, "दादा, बाबांचं झाड कसं आहे?" आणि हा म्हणाला, "मस्त आहे." पुढच्या वर्षी म्हणाला, "कमरेएवढं झालं." त्याच्या पुढच्या वर्षी तिनं फोटो मागितला, तेव्हा त्यानं शेजारच्या खड्ड्यातल्या हिरव्यागार झाडाचा फोटो पाठवला. सुचितानं तो फोनच्या पडद्यावर लावून ठेवला. ते कळलं त्या दिवशी गोपालला जेवण गेलं नाही. पण खोट्याचं असं असतं, एकदा रुजलं की त्याला पाणी घालावं लागत नाही.

पैशापायी रखडलेली माडी यंदा पुरी झाली आणि या कार्तिकात तिची वास्तुशांती ठरली. सुचिता आदल्या दिवशी आली आणि पिशवी खाली ठेवायच्या आधी म्हणाली, "उद्या पूजेच्या आधी सगळ्यांनी बाबांच्या झाडाले पाणी घालू. मंगच नव्या घरात पाय ठेवू." आईला, मनकर्णाबाईला, ते फार आवडलं. गुडघ्यांमुळं ती तीन वर्षांत तलावाकडं गेलीच नव्हती. गोपाल म्हणाला, "हाव, जाऊ ना." दुसरं काय म्हणणार?

सकाळी उजाडता उजाडता तो पक्कड घेऊन वाटेवर गेला. पस्तिसांतली अकरा झाडं जगली होती. त्यातलं सगळ्यात तरतरीत शेजारचंच, फोटोतलं. डोक्याच्या वर गेलेलं, खोडाभोवती गोल आळं, आळ्यातली माती अजून ओली. त्यावर पाटी होती प्रेमानंद सहदेव इंगळे या नावाची. प्रेमानंद पहिलीपासून चौथीपर्यंत गोपालचाच विद्यार्थी होता. खामगावच्या रस्त्यावर मोटारसायकल घसरून विसाव्या वर्षी गेला. त्याची आई जनकाबाई मजुरीहून परतताना रोज संध्याकाळी पाण्याची कॅन घेऊन इथं येते, हे गोपालला माहीत होतं. संध्याकाळी येते ना, मग दुपारी पाट्या परत जागेवर लावू, असा त्यानं हिशोब केला. तार उलगडली, प्रेमानंदची पाटी मागच्या टणटणीच्या झुडपात पालथी टाकली आणि तिच्या जागी बापाची बांधली. दुपारपर्यंतचीच तर गोष्ट, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

नऊ वाजता दोन ऑटोंतून सगळे तलावाकडं आले. गोपालची बायको पूनम, सुचिता, तिचा नवरा, नात्यातली आठ-दहा माणसं. शेजारचा खड्डा गवतानं झाकला होता, तिकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. सुचितानं खोडाला मिठीच मारली. "दादा, किती जीव लावला रे तू!" असं म्हणून रडायला लागली, तिचं बघून पूनमचेही डोळे भरले. मेहुण्यानं गोपालच्या पाठीवर थाप मारली. ती थाप त्याला लाथेसारखी लागली. त्याला वाटलं, आता जमीन दुभंगली तर बरं.

मनकर्णाबाई तांब्या घेऊन पुढं आली. पाणी घालायच्या आधी तिनं वर पाहिलं. मग एक पान तोडलं, बोटांत चुरलं, नाकाशी धरलं.

"गोपाल, हे झाड कायचं हाय रे?"

गोपालनं वर पाहिलं. करंज होतं, हे त्याला दिसत होतं. लहान पोरालाही दिसलं असतं.

"म्या तर निंब लावाले सांगतला होता," आई म्हणाली. "तुह्या बापानं जलमभर निंबाच्या काडीनं दात घासले, म्हून. रोप म्या माह्या हातानं तुले देल्लं."

आणि तेव्हा गोपालला कळलं की पाटी बदलताना एक गोष्ट त्यानं एकदाही मनात आणली नव्हती. आपण बापासाठी कोणतं झाड लावलं होतं, हेच त्याला आठवत नव्हतं. त्या दिवशी तो रोपाकडं बघत नव्हता, कॅमेऱ्याकडं बघत होता. झाड मेलं याची लाज त्यानं तीन वर्षं कशीबशी पचवली होती, पण ही तिच्याहून मोठी निघाली.

"आई, नर्सरीत रोपं..." त्यानं सुरुवात केली आणि तेवढ्यात मागून कॅनचं झाकण वाजलं.

जनकाबाई होती. कमरेला कापूस वेचायची ओटी बांधलेली. लांबच्या शेतात वेचणी होती, संध्याकाळी यायला उशीर होणार, म्हणून आज सकाळीच आली होती. एवढी माणसं बघून ती बाजूला थांबली, मग झाडाकडं पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं. पण तीन वर्षं रोज जी पाटी पदरानं पुसली, ती ही नव्हे हे ओळखायला वाचता यावं लागत नाही.

"मास्तर," ती म्हणाली, "माह्या प्रेमानंदची पाटी कुठी हाय?"

सुचितानं खोडावरचा हात काढला.

"जनका, हे तुहं झाड व्हय?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"हाव, माय. तुमचं ते बाजूचं. वाळलं ते." जनकाबाईनं गवतात बोट दाखवलं. "पयल्या उन्हाळ्यात म्या त्यालेबी दोनचार डाव पानी घातलं. दोन झाडायले कॅन पुरे नाई. मास्तरले म्हनलंबी होतं, तुमचं झाड वाळून राह्यलं. तवा तुमच्या स्लॅबचं काम चालू होतं."

तिनं म्हटलं होतं. गोपाल माडीवर पाईप धरून उभा होता आणि ती खाली रस्त्यावर. "पाहतो, पाहतो," असं म्हणून त्यानं पाईप दुसऱ्या कोपऱ्यात वळवला होता. एवढा वेळ न आठवलेली गोष्ट आता नको तितकी स्पष्ट आठवली.

"पाटी कुठी टाकली, मास्तर?"

क्षणभर त्याच्या मनात आलं की शोधल्यासारखं करावं. गवतात बघावं, वाऱ्यानं उडाली असेल म्हणावं. सगळे त्याच्याकडं बघत होते. पण पाय त्याचं ऐकेनात. ते सरळ निघाले, खड्डा ओलांडून टणटणीच्या तिसऱ्या झुडपाशी जाऊन थांबले, आणि गोपालनं वाकून पहिल्याच प्रयत्नात पाटी बाहेर काढली. इतकं नेमकं ज्याला सापडतं, त्याला कुणी काही विचारत नाही.

तो परत येताना सुचितानं तोंड फिरवलं. खिशातली पक्कड काढून त्यानं बापाची पाटी सोडवली. ती ठेवायची कुठं, हे त्याला कळेना. मनकर्णाबाईनं ती त्याच्या हातून घेतली आणि काखेत धरली. मग तांब्यातलं सगळं पाणी करंजाच्या आळ्यात ओतलं.

गोपालनं प्रेमानंदची पाटी बांधली. तारेचा पीळ दोनदा चुकला. जनकाबाईनं पुढं होऊन पदरानं अक्षरांवरची माती पुसली.

"मले काई वाचता येत नाई," ती म्हणाली. "मंघा एक होती, आता दुसरी हाय. हे माह्याच पोराची हाय, यावर आता कसा भरोसा ठेवू? वाचून दाखवा."

"प्रेमानंद..." गोपाल म्हणाला. चार वर्षं हजेरी घेताना हे नाव त्यानं रोज खणखणीत वाचलं होतं. आज तो ते पाटीलाच ऐकू जाईल इतकं हळू म्हणाला.

"मोठ्यानं वाचा, मास्तर," जनकाबाई म्हणाली. "साऱ्यायले आयकू येऊ द्या."