कुसाबाईची आमटी

आमटीला कढ आला आणि मीठ घातलं की नाही, तेच कुसाबाईला आठवेना.

एरवी तिने खंडेराव आचाऱ्याला विचारलं असतं. पण आज पाठीशी बोर्डिंगचे चिटणीस खुर्ची टाकून बसले होते. त्यांना मुलांच्या जेवणासाठी बाई हवी होती. पगार बेताचाच, पण कोठीमागची खोली राहायला मिळणार होती. नवरा गेल्यावर दिरांनी नांदगावाहून हाकलल्यापासून कुसाबाई गोदेच्या घाटावर निजत होती. खोलीला आतून कडी आहे, एवढं ऐकूनच तिचा जीव त्या खोलीत अडकला होता.

पंचवटीतल्या धर्मशाळेत एका शेटजींनी निराधारांसाठी स्वयंपाकाचा वर्ग काढला होता. हेतू चांगला, फोटोही काढून घेतलेला. खंडेरावाने कुसाबाईला पंगतीचा अंदाज शिकवला, फोडणी शिकवली आणि पहिल्याच दिवशी बजावलं, “निवद दावल्याबिगर चाखायचं नाय. जीभ बांधून रांधायचं.”

उपाशी माणसांना हे शिकवायचं म्हणजे कमालच! पण कुसाबाई तेही शिकली.

आज मात्र ती घाबरली. आईच्या चुलीपाशी लागलेली सवय उफाळून आली. पळीतला थेंब तिने तळहातावर घेतला आणि चाटला. मीठ नव्हतंच. तिने बरणीकडे हात नेला.

“अगं ए! उष्टावलीस की!” चिटणीस ताडकन उठले. “देवाआधी जिला धीर निघत नाही, ती माझ्या पोरांना काय जेवू घालणार?”

“सायेब, मीठ...”

“बाई हुशार हाय, सायेब,” खंडेराव पुटपुटला. चिटणिसांनी नुसतं पाहिलं. तसा तो तिच्याकडे न बघता म्हणाला, “हात मागं घे, कुसाबाई. जा तू.”

एवढी आमटी ओतून द्यायची कुणाला सोसवेना. घाटावरच्या भिकाऱ्यांना वाटायचं ठरलं. त्यांना उष्टं चालतं, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

दुपारी घाटावर पंगत बसली. कुसाबाई आधी लांबच उभी राहिली. पण पोट ऐकेना, तेव्हा रोज तिच्याशेजारी निजणाऱ्या म्हाताऱ्या नवसाबाईजवळ येऊन टेकली.

नवसाबाईने भात कालवला, घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. “कोन्या बयेनं रांधली गं ही? मिठाचा पत्ता नाय! मेलीला मीठ बी घालता येईना!”

कुसाबाईने घास गिळला.

“घालनारच व्हती ती,” ती म्हणाली आणि द्रोण पुढे करून तिने आणखी आमटी मागितली.