ओढ्यापलीकडून आलेल्या हाका

त्या रविवारी ओढ्यापलीकडे, रशियनांच्या बाजूच्या एबर्सरोडमधल्या सगळ्या खिडक्यांतून दुलया लोंबत होत्या. एप्रिलचं पहिलं ऊन पडलं होतं. असं ऊन पडलं की ओढ्याच्या दोन्ही काठांवरच्या बायका दुलया बाहेर काढतात. त्यासाठी अमेरिकनांना किंवा रशियनांना विचारावं लागत नाही. तिथल्या आमच्या जुन्या घराच्या, बाबांच्या घराच्या, वरच्या खिडकीतही दुलई होती, लाल खोळीची. मी हद्दीच्या अलीकडच्या टेकडीवरून दुर्बिणीतून ती पाहिली आणि दुर्बीण पुढे सरकवली.

दोरीवर एकच पांढरी चादर म्हणजे सगळं ठीक. खिडकीत लाल दुलई म्हणजे घरात कुणी आजारी. सात वर्षांपूर्वी माझी मावशी तिकडून आली होती, तेव्हा तिनं हे ठरवून दिलं. तिकडून फक्त म्हाताऱ्यांना इकडे यायची परवानगी मिळते, आणि पत्रं तर उघडूनच पुढे जातात. हात हलवायला तिकडे बंदी आहे. म्हणून बाबा दर रविवारी अकरा वाजता अंगणातल्या बाकावर येऊन बसत, टोपी काढत आणि डोकं पुसत. "टक्कल पुसायला अजून तरी परवाना लागत नाही," असं त्यांनी मावशीबरोबर सांगून पाठवलं होतं.

त्या दिवशीही त्यांनी टोपी काढली. लोथार, माझा भाऊ, त्यांच्या शेजारी उभा होता.

"म्हातारा उन्हात घोंगडी पांघरून बसलाय," एवाल्ड म्हणाला. एवाल्ड माझा नवरा. त्याचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत.

"म्हातारी माणसं पांघरतात."

"दुलई लाल आहे, आल्मुट."

"गावभर दुलया आहेत. सगळं गाव आजारी पडलंय का?"

"बरं बाई, तू म्हणशील तसं. माझं पोट मात्र आजारी पडायला आलंय."

आम्ही खाली उतरलो. डुकराचं भाजलेलं मांस होतं, बटाट्याचे गोळे होते. मी दोनदा वाढून घेतलं.

गुरुवारी तार आली. बाबा मंगळवारी गेले, शुक्रवारी दोनला पुरणार, लोथार. मी हद्दीपलीकडे जायच्या परवान्यासाठी कचेरीत फोन केला. तिथली बाई वाईट नव्हती. "एबर्सरोड?" ती म्हणाली. "अहो, ते अगदी कुंपणाच्या पट्ट्यात येतं. तिथं तिथल्याच माणसांना शिक्क्याशिवाय शिरता येत नाही. आणि तुम्ही तर पळून आलेल्या. तुम्हाला आत घेतील, पण बाहेर सोडणार नाहीत."

पळून आलेली. कागदावर तसंच आहे. प्रत्यक्षात मी पळाले नव्हते, फक्त परत गेले नव्हते.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. होहेनाऊच्या बेकरीत, म्हणजे ओढ्याच्या या बाजूला, कामाला होते. सकाळी ओढ्यावरच्या फळीवरून यायचे, संध्याकाळी फळीवरून जायचे. युद्ध संपल्यापासून सात वर्षं अमेरिकनांची आणि रशियनांची हद्द त्या ओढ्यातून जात होती, पण आमच्या लेखी तो ओढाच होता. १९५२च्या मे महिन्याच्या शेवटी तिकडच्या काठानं ट्रॅक्टर आले आणि दहा मीटर रुंदीचा पट्टा नांगरत गेले. संध्याकाळी बाबा काठाशी आले. "आल्मुट! आत्ता ये! सकाळी फळी काढणार आहेत!"

मी बेकरीमागच्या लाकडांच्या ढिगाआड होते, चाळीस पावलांवर. बरोबर एवाल्ड होता.

"जातेस?" त्यानं विचारलं.

मी ओठांवर बोट ठेवलं. बाबांनी सात वेळा हाक मारली. मग एका शिपायानं त्यांना दंडाला धरून मागे नेलं. एका रात्रीचाच प्रश्न आहे, असं मी स्वतःला सांगितलं. पण तेही पूर्ण खरं नव्हतं. मला ते घर नको होतं. आई गेल्यापासून तिथं मीच चूल, मीच गाय, मीच सगळं होते.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की, त्या संध्याकाळी मी गिरणीकडे गेले होते, मला काही ऐकू आलं नाही. ते वाक्य बाबांनी वेगळ्याच तऱ्हेनं मनाला लावून घेतलं. मावशीनं सांगितलं, "तो म्हणतो, माझाच घसा बसला होता. जरा मोठ्यानं ओरडलो असतो तर पोर आली असती." मावशी माझ्या स्वयंपाकघरात पाच दिवस कॉफी पीत बसली होती. तिच्याबरोबर चार शब्द पाठवता आले असते. मी तिला केक कापून देत राहिले.

शुक्रवारी टेकडीवर आम्ही अकराजण होतो. मूळचे एबर्सरोडचे पण आता या बाजूला राहणारे लोक तिकडच्या प्रत्येक मातीला असेच काळे कपडे घालून वर येतात. आमच्या बाजूचा पहारेकरी क्लाम्ट टोपी हातात घेऊन माझ्याजवळ आला.

"ओरडू नका हं, बाई. तुम्ही इथं ओरडणार, आणि जबाब तिकडे तुमच्या भावाला द्यावा लागणार."

"माहीत आहे."

पलीकडच्या पहाऱ्याच्या मनोऱ्यातला त्यांचा शिपाई दुर्बिणीतून आम्हाला पाहत होता, आम्ही त्याच्या पायाखालचं स्मशान पाहत होतो. शवपेटी आली. लोथारनं एकदाही वर पाहिलं नाही. त्याची बायको गेर्लिंडे बुटाचा बंद बांधायला वाकली आणि वाकल्यावाकल्या तिनं टेकडीकडे बघून घेतलं. पाद्री खड्ड्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला, तोंड आमच्याकडे करून, आणि तिथल्या वीसजणांना गरज नव्हती एवढ्या मोठ्यानं बोलू लागला. वारा मात्र उलटा होता. आमच्यापर्यंत नुसता सूर येत होता.

"तुझा बाप ओस्वाल्ड जन्मभर प्रवचनात झोपला," शेजारच्या त्सोलनरबाई कुजबुजल्या. "आज पाद्री त्याला उठवूनच सोडणार." एकदोघे हसले, मीही हसले.

माती पडली. माणसं पांगली. लोथार थोडा वेळ थांबला, मग तोही गेला. आमच्या बाजूचेही उतरायला लागले.

"चल," एवाल्ड म्हणाला. "थंडी वाजेल."

त्सोलनरबाईंनी माझा हात धरला. "बिचारा! तुझी मावशी आली तेव्हा सांगत होती ना, घसा बसल्याचं त्याच्या मनाला लागून राहिलंय म्हणून. आणि तू तिकडे गिरणीपाशी. नशीब गं, दुसरं काय."

एवाल्ड आपल्या बुटांकडे पाहू लागला. तो एकोणीस वर्षं याबद्दल एक शब्द बोलला नव्हता, आणि तेव्हाही बोलला नसता.

मी त्यांच्या हातातून माझा हात सोडवून घेतला आणि ओढ्याकडे तोंड केलं. ओरडले नाही. घरात जेवायला बसल्यावर बोलतात तेवढ्याच आवाजात बोलले.

"बाबा, तुमचा घसा बसला नव्हता. मी गिरणीकडे गेलेच नव्हते. तुमच्या सातही हाका मला ऐकू आल्या. मला यायचं नव्हतं."