हातांना रंग नव्हता

भूतमामांना सिनेमाशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांना फक्त शेवट बघायचा होता. जन्मभर मेकअप करून माणसांची भुतं केली, म्हणून सेटवर हे नाव पडलेलं. आज शेजारी मुलगी बसलेली आणि पडद्यावर त्यांची बायको. चांगली चालतीबोलती! गेल्याच महिन्यात तिला पोचवून आले होते हो.

सिनेमात ती आई झाली होती. शेवटी पोरगी भुताच्या तावडीतून सुटते, धावत घरी येते, दार लावून आईला मिठी मारते. लोक हुश्श करतात, तेवढ्यात कॅमेरा फिरून आईचा चेहरा दाखवतो. आई केव्हाच मेलेली. असला मेला शेवट!

त्या शेवटाच्या शूटिंगच्या दिवशी मामांनी तिच्या गालांवरून जेमतेम बोटं फिरवली आणि थांबले. "आज रंग फारसा लागलाच नाही गं! हात कसला बसलाय माझा!"

"पुरे झालं स्वतःचं कौतुक," ती हसली. "आटपा लवकर, दमलेय मी."

दिग्दर्शकानं पाठ थोपटली. मामा फुशारून गेले.

पुढे डॉक्टर म्हणाले, "रक्त केव्हापासून कमी होत होतं. घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?" तो प्रश्न काही केल्या पाठ सोडेना. चेहऱ्यावरचा तो पांढरेपणा रंगाचा होता की तिचा? सगळा जन्म चेहरे बघण्यात गेला, पण तेवढं काही आठवेना. म्हणून तर आले होते.

मिठी झाली. कॅमेरा फिरला. अख्खं थिएटर किंचाळलं. सगळे चेहऱ्याकडे बघत होते, मामांची नजर मात्र पोरीच्या पाठीवरच्या हातांवर गेली. हात दिसणार नाहीत असं ठरलं होतं, म्हणून त्यांना मामांनी रंग लावलाच नव्हता. आणि नखं पांढरीफटक होती.

त्याच हातांनी ती रोज त्यांचा डबा भरत होती. रोज हातात देत होती.

दिवे लागले. "काय मेकअप केलाय राव!" मागून कुणीतरी म्हणालं. टाळ्या पडल्या.

मुलीचे डोळे वाहत होते. "बाबा, तो सगळा रंगच होता ना? तेव्हा आई बरी होती ना?"

"हो गं बाळा. ठणठणीत होती. सगळा रंगच तो."

मग त्यांनी तिचा हात उजेडात धरला आणि एकेक नख नीट बघितलं.