मास्तरांचा पहिला प्रश्न

रविवारी सकाळी विमानांच्या शेडमध्ये मास्तरांचा दरबार भरायचा. घरच्या घरी विमान बांधणारी माणसं म्हणजे मोठी शंकेखोर जमात. दातांच्या डॉक्टरांना इंजिन इतकं का तापतं ते हवं असायचं, बेकरीवाल्याला थंडीत कार्ब्युरेटरमध्ये बर्फ कसा धरतो ते. मास्तर पालथ्या ड्रमवर बसून सगळ्यांच्या शंका फेडायचे. ते कुठल्या शाळेत शिकवत नव्हते, फरशांचं दुकान चालवत होते. पण "मला माहीत नाही" हे शब्द त्यांच्या तोंडून कुणी कधी ऐकले नव्हते, म्हणून मास्तर.

"विमानात बसल्यावर पहिलं काम कोणतं?"

"पेट्रोलचा कॉक उघडा आहे का बघणं!" सगळे एका सुरात.

"आणि बसायच्या आधी?"

"टाकीच्या तळाचं पाणी काढणं!"

"नाही काढलं तर?" इथे मास्तर आवाज खाली आणायचे. "तर माझ्या दादासारखं होतं. सख्खा भाऊ आहे माझा, पण खरं ते खरं."

कोपऱ्यात विमानाच्या पंखावर ताणलेल्या कापडाला वहिनी टाके घालत असायची. वहिनी म्हणजे त्या दादाचीच बायको. एरवी तिची वाकडी सुई लोण्यातून जावी तशी जायची. या वाक्याला मात्र ती खसकन घुसायची.

दादाचं इंजिन झाडांच्या शेंड्यांवर असताना बंद पडलं होतं. नांगरलेल्या रानात विमान आपटलं, विमानाचं भंगार झालं आणि दादाच्या हातात काठी आली. पाय अधू झाला याचं वहिनीला वाईट वाटलं, पण त्याचं काही नाही, पाय काय, एक गेला तर दुसरा असतो. गेला तो त्याचा स्वतःच्या हातांवरचा भरवसा. उडायच्या आधी टाकीतलं पेट्रोल काचेच्या नळीत काढून, डॉक्टरनं एक्स-रे धरावा तसं आभाळाकडे धरून बघणारा माणूस तो. त्या दिवशीही त्यानं बघितलं होतं. त्याचं जाकीट हातात घेऊन ती शेजारीच उभी होती.

"अहो, काढलं होतं तुम्ही पाणी. मी बघत होते ना."

"तू आदल्या रविवारचं बघितलं असशील," दादा म्हणायचा आणि खिडकीकडे तोंड करायचा. पाना हातात घेणं त्यानं सोडून दिलं होतं. घरातला नळ गळायला लागला तर म्हणाला, "प्लंबरला बोलाव, माझ्या हातून काहीतरी राहून जायचं."

बाकीच्यांना सांगून उपयोग नव्हता. बायकोच ती, नवऱ्याची बाजू घेणारच, असं म्हणून लोक मान हलवायचे.

मग एक दिवस घरामागे ताडपत्रीखाली पडलेली फुटकी टाकी ती भंगारात द्यायला निघाली. फायबरची टाकी, दादानं स्वतः साच्यात ओतून केलेली. उचलताना तिचा अंगठा आतल्या बाजूला टेकला आणि रुतला. पाण्यात राहिलेल्या साबणासारखी मऊ झाली होती टाकी. ती तिथेच मटकन बसली. मास्तरांचं बोलणं तिच्या कानात जसंच्या तसं होतं: "अरे दादा, पंपावरचंच घाल की! काही होत नाही, माझ्यावर सोड." पंपावरच्या त्या पेट्रोलमधल्या इथेनॉलनं टाकीचं अस्तर खाल्लं होतं. त्याचा चीक खाली उतरून कार्ब्युरेटरात बसला होता. पाणीबिणी काही नव्हतं.

पण अपघातानंतर इंजिन "बघतो काय झालंय" म्हणून घेऊन गेलं कोण? मास्तर. कार्ब्युरेटर उघडला कुणी? मास्तरांनी. "पाणी निघालं" असं सांगितलं कुणी? तेही मास्तरच. आता त्यांना चीक कळलाच नाही, की दिसला आणि त्यांनी गिळला? कळला नसेल तर माणूस नुसता मूर्ख ठरतो, आणि मूर्खाला ती एक ना एक दिवस माफ करून टाकणार होती. स्वयंपाक करता करता, कपडे वाळत घालता घालता ती एवढंच घोळवत राहिली.

पुढे त्याच इंजिनाभोवती मास्तरांनी स्वतःचं विमान उभं करायला घेतलं. "वहिनी, पंखांचं कापड शिवून द्याल? तुमच्यासारखा टाका कुणाचा नाही." ती लगेच हो म्हणाली. काय मोठं मन आहे, असं शेडमधले लोक म्हणाले. मन कसलं, तिला डोळे घेऊन आत शिरायचं होतं.

आत शिरल्यावर पहिल्यांदा दिसली ती टाकी. चकचकीत अॅल्युमिनियमच्या पत्र्याची.

"फायबरची का नाही केलीत, भावजी?"

"असंच, वहिनी. दिसायला बरी."

दुसरं दिसलं ते पेट्रोल. पंपावरचं नव्हतंच ते. लांबून कुठून तरी कॅन यायचे, गाडीच्या डिकीत, वर जुनी चादर टाकून. तिनं एक दिवस त्यातलं वाटीभर काढलं. काचेच्या नळीत थोडं पाणी, त्यावर पेट्रोल, खळाखळा हलवून ठेवून दिलं. इथेनॉल असतं तर ते पाण्यात उतरलं असतं आणि पाण्याची रेघ वर चढली असती. रेघ होती तिथेच राहिली.

त्याच रविवारी बेकरीवाल्यानं विचारलं, "मास्तर, माझी टाकी फायबरची आहे. पंपावरचं चालेल ना?"

"खुशाल घाला! पाणी तेवढं काढत जा. दादाचं झालं ते बघितलंत ना?"

वहिनीनं बेकरीवाल्याला बाजूला गाठून सांगितलं, तर तो हसला. "अहो वहिनी, मास्तर बोललेत की!" त्याच्या विमानाला अजून चाकं बसायची होती, एवढंच काय ते नशीब.

म्हणजे मास्तरांना सगळं माहीत होतं. आता उत्तर बदललं तर लोक विचारतील, कधीपासून माहीत होतं? म्हणून उत्तर तेच ठेवायचं आणि दादाला दर रविवारी नव्यानं पाडायचं. वहिनीनं त्या दिवशी डूख धरला. पंखाचे टाके ढिले घालावेत असंही एकदा मनात आलं. पण सुई ऐकेना, नेहमीचीच घट्ट गाठ पडली.

शेडची एक रीत होती. नव्या विमानाचं इंजिन पहिल्यांदा पूर्ण जोरात चालवायचं तेव्हा विमानाची शेपूट मागच्या लोखंडी खांबाला बांधायची, म्हणजे ते जागचं हलू शकत नाही. आणि त्या आधी टाकीतलं पेट्रोल तपासायचं ते मालकानं नाही. मालक ज्याला निवडेल त्यानं तपासून, इंजिन चालवायला मोकळीक म्हणून, "सोड" म्हणायचं. मास्तरांनी सगळ्यांसमोर वहिनीचं नाव घेतलं. टाळ्या पडल्या. दादाला खुर्ची देऊन पुढे बसवलं होतं. तो काठीच्या मुठीकडे बघत होता.

वहिनीनं दोर स्वतः बांधला, ओढून बघितला, पुन्हा ओढून बघितला. तिला मास्तर मरायला नको होते. मेलेल्या माणसाचं उट्टं काय काढणार? तिला त्यांना ऐकवायचं होतं ते वेगळंच.

ती विमानाच्या पोटाखाली शिरली. एका हातानं नळीत पेट्रोल घेतलं. दुसऱ्या हातानं शेजारचाच कॉक, बसल्या जागेवरून खाली वाकलं की दिसणारा, आडवा केला. बंद.

बाहेर येऊन तिनं नळी उन्हाकडे धरली. "पाण्याचा थेंब नाही," ती म्हणाली. मग दादाकडे बघून, "त्या दिवशीही नव्हता."

कुणीतरी खाकरलं. मास्तरांनी हसून हात हलवला. "सोडा म्हणा, वहिनी!"

"सोडा, भावजी."

आता त्यांनी कॉक बघितला असता तर वहिनीचा डाव तिथेच फसला असता. दर रविवारी ज्यांना तोंडपाठ करून घेतलं ते सगळे समोर उभे होते. पण मास्तरांना फोटो काढणाऱ्याकडे बघायचं होतं. ते बसले, हनुवटी वर केली, चावी फिरवली. कार्ब्युरेटरात साठलेल्या पेट्रोलवर इंजिन छान सुरू झालं. पंखा फिरून दिसेनासा झाला, गवत मागे झोपलं. मास्तरांनी थ्रॉटल पूर्ण पुढे केला. शेपटीचा दोर ताठ झाला, शेडचे पत्रे थरथरायला लागले.

आणि मग इंजिननं एक आचका दिला, दुसरा दिला, आणि बंद पडलं.

तीच शांतता. दादाला झाडांच्या शेंड्यांवर जी ऐकू आली होती ती. पंखा एखाद्या आळसटलेल्या माणसासारखा अर्धा फेरा फिरून थांबला. मास्तरांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. वहिनीला एवढंच हवं होतं. पुढचं तिच्या मनातही नव्हतं.

मास्तर पट्टे ओढून काढत खाली उतरले, उतरले कसले, पडलेच. "परत तोच चीक!" ते ओरडले. "अरे, एवढा थिनरमध्ये भिजवून धुतला होता मी कार्ब्युरेटर! सगळा खरवडून काढला होता, तरी परत तोच..."

एकदम थांबले. पण तोंडातून सुटलं ते सुटलं.

"परत?" दातांचे डॉक्टर म्हणाले.

"कसला चीक?" दादानं विचारलं. पहिल्यांदाच त्यानं काठीवरून नजर उचलली होती. "तू तर पाणी म्हणाला होतास."

"दादा, ते म्हणजे... दोन्ही होतं थोडं थोडं..."

"चीक कसला, ते विचारतोय मी."

शेडमध्ये प्रश्न होता आणि मास्तर गप्प होते, हे बघायला लोक दोन पावलं पुढे आले.

"तुझ्या टाकीचा," शेवटी ते म्हणाले. "पंपाच्या पेट्रोलनं विरघळली होती. मीच घालायला सांगितलं होतं ना, दादा. कसं बोलणार होतो मी?"

दादा उठला. काठी खुर्चीलाच राहिली. विमानाला धरत धरत पोटाशी आला, वाकला, आणि त्याचा हात बरोबर कॉकवर गेला. तो वहिनीकडे वळला.

"हा तू बंद केलास?"

"हो."

"आणि यानं बघितला नाही?"

"नाही."

दादा हसला. किती दिवसांनी, ते तिनं मोजलं नव्हतं, पण तो आवाज तिला लगेच ओळखू आला. मग ती दोराकडे वळली, कारण तिला अजून रडायचं नव्हतं, अजून राग पुरता निवला नव्हता.

"फायबरची टाकी आणि पंपावरचं पेट्रोल," दादा माणसांकडे वळून म्हणाला, "कुणाकुणाचं आहे? हात वर करा." बेकरीवाल्याचा हात वर गेला. डॉक्टरांचा गेला. मागून आणखी गेले. "उघडा सगळ्यांच्या टाक्या. आणि मला कुणीतरी पाना द्या."

सगळे त्याच्यामागे गेले. बांधलेल्या विमानाशी मास्तर एकटेच उरले. वहिनी दोराची गाठ सोडत होती. मुद्दाम सावकाश.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "कॉक उघडू का आता?"

"मला काय विचारता, भावजी?" वहिनीनं मान वर केली नाही. "तिकडे जा आणि तुमच्या दादाला विचारा. जरा मोठ्यानं विचारा, सगळ्यांना ऐकू जाऊ दे."