मधाचं बोट

“वर्षाचं होईपर्यंत मध नाही. बोटाला लावून चाटवायचासुद्धा नाही. ऐकलंस ना गं?”

लस टोचताना नर्सबाई बोलल्या ते सुनेच्या कानात तसंच बसलं होतं. फुलोऱ्यात आलेल्या सूर्यफुलांत वाकून ती तण उपटत होती. जमीन तापून अशी कडक झाली होती की शेंडा हातात यायचा आणि मूळ खाली तसंच राहायचं. बांधावरच्या झाडाला चादरीची झोळी होती, झोळीत तिचं तीन महिन्यांचं लेकरू. घाम पुसायला तिनं मान वर केली, तर झोळीपाशी सासरे उभे. बोट पुढं केलेलं.

“मामंजी, थांबा!”

सासऱ्यांच्या मधाच्या पेट्या त्याच बांधावर होत्या. गाव त्यांना मधबाबा म्हणायचं. नुकतीच मधाची पोळी पिळून झाली होती, हात कोपरापर्यंत चिकट.

“ओरडतेस काय अशी? माश्या उठतील.”

“त्याला मध देऊ नका. नर्सबाईंनी बजावलंय.”

“कोण, ती नवी आलेली? तिला अक्कलदाढ तरी आली का?”

“दाढेचं मला माहीत नाही. वर्षाच्या आत मध नको म्हणाल्या.”

“अगं, तुझ्या नवऱ्याच्या जिभेला पहिली चव याच बोटाची. आज ट्रक हाकतोय, दोन माणसांचं ओझं एकटा उचलतोय. मेला का तो?”

“जे मेले ते सांगायला येत नाहीत, मामंजी.”

बोलून गेली आणि तिची तिलाच भीती वाटली. मधबाबांचं बोट हवेत तसंच राहिलं. एक माशी येऊन त्यावर बसली. त्यांनी ती झटकली नाही.

“म्हणजे माझा मध विष?” ते हळूच म्हणाले. “आळीत पोर जन्मलं की पहिली बाटली आपल्या घरून जाते. उद्या लोक म्हणतील, म्हाताऱ्यानं गावाला विष वाटलं.”

एवढ्यात जेवणाचं गाठोडं घेऊन सासूबाई आल्या. ही बाई मोठी नेमाची. पहाटे उठून दिवा लावायच्या आणि प्रार्थना पुरी होईपर्यंत तोंडातून शब्द काढायच्या नाहीत. घरात साप निघाला होता तेव्हासुद्धा त्यांनी नुसतं बोट दाखवलं होतं, असं आळीतल्या आम्ही बायका अजून हसून सांगतो. त्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

“लेकरापुढं भांडू नका,” त्या म्हणाल्या. “सूनबाई, मी शब्द देते. बोटानं मध चाटवणार नाही. मीही नाही, हेही नाहीत. झालं?”

“झालं, आई.”

सून परत तणाकडं वळली. सासूबाईंनी शब्द दिला म्हणजे प्रश्न मिटला. तिला काय ठाऊक, नेमाची माणसं कधी कधी अक्षर धरतात आणि अर्थ सोडतात.

सासूबाई खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांनी एकदाही बोटानं चाटवला नाही. सून शेतावर दिवसभर राबायला लागली तसं लेकरू दुपारी घरी त्यांच्याकडं राहायचं. त्या पाणी उकळायच्या, निववायच्या, चमचाभर मध त्यात ढवळायच्या आणि थेंब थेंब पाजायच्या. आपल्या मनाला त्यांनी समजावलं होतं: हे चाटवणं कुठं, हे पाजणं. पाणी उकळलं की दोष जातो. मध तर वर्षानुवर्षं राहतो. जे स्वतः नासत नाही, ते पोराला काय नासवणार? मधबाबांनी एकदा हे पाहिलं. गालातल्या गालात हसले आणि पेट्यांकडं निघून गेले.

त्या दिवसांत वारा पडला होता. झाडाचं पान हलत नव्हतं. माश्यासुद्धा पेट्यांच्या तोंडाशी लोंबकळून बसायच्या आणि एका सुरात गुणगुणत राहायच्या.

लेकरू शांत व्हायला लागलं.

आधी रात्रीची रड थांबली. मग दिवसाची कमी झाली. अंघोळीला पाण्याचा तांब्या ओतला की आकांत करणारं पोर आता नुसतं बघायचं. बायका दारात यायच्या आणि म्हणायच्या, “गुणी गं बाई! आमचं होतं ते म्हणजे भोंगा.”

“मधबाबांचा नातू,” सासूबाई म्हणायच्या. “गोडच असणार.”

सुताराची म्हातारी आई कुंपणावरून ओरडली, “अहो, तुम्ही बाटली दिल्यापासून आमची नातही तशीच! अंगणात करवत चालते, तरी डोळा उघडत नाही!”

मधबाबांची छाती फुगली. सून मात्र हातातलं काम सोडून कुंपणापलीकडं बघत राहिली. का, ते तिला सांगता आलं नसतं.

तिला बाकीचं दिसत होतं. पोर छातीला लागायचं, दोन घोट ओढायचं आणि दमायचं. दूध भरून तिचं अंग दुखायचं. लंगोट कोरडा निघायचा, शी तर दोन-दोन दिवस व्हायची नाही.

“आई, याला शी होत नाही.”

“दूध अंगी लागतंय त्याच्या.”

“रडतोही बारीक. मांजराच्या पिलासारखा.”

“रडला तरी दुखणं, नाही रडला तरी दुखणं! तुझं पहिलंच आहे म्हणून,” सासूबाई हसल्या. पण हसता हसता त्यांनी चमचा पदराआड घेतला. तो का घेतला, हे त्यांचं त्यांनाही उमगलं नसावं.

देवानं लेकराला रडणं दिलंय ते उगाच नाही. बोलता येत नाही त्याची ती भाषा आहे. ती थांबली की घरानं खूश व्हायचं नसतं, पण हे नंतर सुचतं.

एका सकाळी सुनेनं त्याला पाजायला उचललं आणि मान मागं पडली. पाणी न घातलेल्या वेलासारखी. पापण्या अर्ध्यावर आलेल्या, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ. तिनं हाक मारली. डोळे वळले, पण पापणी वर गेली नाही.

सासूबाई दिव्यापुढं बसल्या होत्या. प्रार्थना अर्ध्यात होती. सून पोराला घेऊन तशीच आत आली आणि त्यांच्या समोर, दिव्याच्या उजेडात, बसली.

“आई, याच्या पोटात दुधाशिवाय काय गेलंय?”

सासूबाईंचे डोळे मिटलेलेच.

“काही असेल ते सांगा. मी रागावणार नाही. राग करायला वेळ नाही मला. बघा तरी याच्याकडं!”

सासूबाईंनी डोळे उघडले. लेकराकडं पाहिलं. साप निघाला तेव्हा न मोडलेला नेम त्यांनी मोडला.

“मध,” त्या म्हणाल्या. “पाण्यातून. रोज.”

दारात मधबाबा उभे होते. त्यांच्या हातातलं माश्यांना धूर द्यायचं धुराडं खाली पडलं आणि घरभर धूर झाला. सुनेनं पोराला पदरात गुंडाळलं. ती उठून तडक रस्त्याला लागली. मागून अनवाणी सासूबाई, त्यांच्या मागं मधबाबा. दूधवाल्यानं गाडीतले कॅन रस्त्याच्या कडेला उतरवले आणि तिघांना बसवलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोराची पापणी उचलून पाहिली, हात वर उचलून सोडला. तो टपकन खाली पडला. त्यांनी तोच प्रश्न विचारला. सून बोलायच्या आत सासूबाई पुढं झाल्या. “मी दिला. मध. यांचा काही दोष नाही.”

“सांगितलंत ते फार बरं केलंत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “नाहीतर आम्ही भलतंच शोधत बसलो असतो.”

“पाणी उकळलं होतं हो.”

“उकळल्यानं जात नाही ते, आजी. मध वाईट नाही. मोठं माणूस पचवतं. एवढ्याशा पोटात त्यातल्या जंतूंचं बी रुजतं आणि अंगातली ताकदच काढून घेतं. औषध मागवते. श्वास यंत्रावर ठेवावा लागेल. वेळ लागेल. आज मी काहीच सांगू शकत नाही.”

दार बंद झालं. काचेतून पोराचा एक तळपाय तेवढा दिसत होता. मधबाबा त्याच्याकडं टक लावून होते. जन्मभर शेकडो माश्या अंगावर घेऊन न हललेला माणूस काचेला टेकून उभा होता.

सुनेला मघापासून काहीतरी टोचत होतं. आता ते सापडलं. ती उठून सासऱ्यांसमोर उभी राहिली.

“मामंजी, सुताराची लेक.”

त्यांनी वर पाहिलं.

“करवत चालते तरी डोळा उघडत नाही म्हणाली ना तिची आजी?”

मधबाबांचा चेहरा राखेसारखा झाला.

“जा तुम्ही. बाटली परत आणा. आणि नुसती आणू नका, खरं सांगून आणा. पोरीला घेऊन इकडं यायला लावा.”

“शब्द देतो, पोरी.”

“अक्षर धरून पाळायचा शब्द नको, मामंजी.”

बाकावर सासूबाईंनी पदरात तोंड घातलं. मधबाबांनी मान खाली घातली. “नाही,” ते म्हणाले. “तसा नाही.”

दूधवाल्यानं त्यांना वेशीवर सोडलं तेव्हा उन्हानं रस्ता पांढरा पडला होता. आळीत बायका दारांतच होत्या. आम्ही विचारलं, “बाबा, नातू कसा आहे?”

“आहे,” एवढंच म्हणाले.

“दृष्ट लागली असेल हो. एवढं गुणी पोर!”

ते थांबले. आमच्याकडं असे बघायला लागले, जणू काही आम्ही त्यांना शिवी दिली.

“दृष्ट नाही, बाई. माझं मधाचं बोट लागलं त्याला,” ते म्हणाले. “गुणी नव्हता तो. ताकद सरत होती त्याची.”

घराचं दार सकाळचं तसंच उघडं होतं. आत धुराचा वास राहिला होता आणि दिवा विझला होता. त्यांनी रांजणातून पाणी घेतलं, कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले, बोटं एकेक करून पुसली. बाटली परत मागायची तर बदल्यात घेऊन काय जायचं, असं काही त्यांच्या मनात आलं असावं. कोनाड्याकडं हात गेला आणि तिथल्या भरलेल्या बाटल्यांवरून तसाच मागं आला. रिकाम्या हातांनीच ते बाहेर पडले.

आळीच्या टोकाला सुताराच्या अंगणात करवत चालू होती. लाकूड किंचाळत होतं, इथपर्यंत ऐकू येत होतं. मधबाबा रस्त्यात क्षणभर उभे राहिले. कान देऊन, त्या आवाजाच्या खालचा दुसरा, लेकराच्या रडण्याचा आवाज शोधत.

मग कोणाशी न बोलता ते तिकडं चालायला लागले.