बर्फ आला तेव्हा मी पूजेत होते

मित्रांनो, मला पाहून तुम्ही म्हणाल, ही तर मिठाईवाल्याची पेटी. म्हणा बापडे! मी एक जुनी काचेची पेटी आहे खरी, पण माझा जन्म समुद्रासाठी झाला. तोही परंड्यात, जिथं समुद्र कुणी पाहिलेला नव्हता.

बलभीम सुतारानं मला सागवानी चौकट दिली, सांधे डांबरानं बुजवले. माझा मालक उत्तरेश्वर. दूरच्या विद्यापीठात तो डॉक्टरेटसाठी समुद्राचे प्रवाह अभ्यासत होता. थंड मुलखात खारं पाणी गारठतं, जड होऊन बुडतं आणि तळातळानं लांबवर चालत जातं. तेच माझ्यात दाखवायचं होतं. एका टोकाला बर्फाचा डबा टांगायचा, तिथं नीळ सोडायची आणि निळी धार तळाशी कशी पसरते त्याचं चित्र काढायचं. विद्यापीठातल्या टाकीपुढं थोरल्या संशोधकांची रांग, म्हणून दसऱ्याच्या सुट्टीत घरीच करायचं ठरलं. चित्राशिवाय मार्गदर्शक ते प्रकरण मान्य करणार नव्हते.

नवमीला उत्तरेश्वर कुर्डूवाडीहून भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी घेऊन धावत आला. पाहतो तर मी पाटावर! काचांना हळदीकुंकू, वर झेंडूचा हार.

"अक्का, हे काय केलंत?"

"खंडेनवमी हाय आज," थोरली बहीण शांताक्का म्हणाली. "बलभीमच्या करवतीला मान, अन तुझ्या अवजाराला न्हाय?"

"बर्फ वितळायलाय, अक्का! पेटी आत्ता पायजे."

"पूजलेल्या अवजाराला आज हात लावायचा न्हाय. उद्या सोनं वाटून झालं की घे."

"उद्या बर्फाचं पाणी होईल!"

"मग काय बिघडलं? तुझा अभ्यास पाण्याचाच हाय न्हव?"

घरातले बाकीचे विचारायचे, समुद्र शिकून पोट भरतं का? एकटी अक्का त्याच्या बाजूनं भांडायची. तिच्या पूजेवरून माणूस भांडणार तरी कसा! उत्तरेश्वर ओठ चावत लादीपाशी बसला. शेजारच्या कडूबाईनं विचारलं, "वायाच चाललाय, तर टाकू का सरबतात?" त्यानं लादी तिच्याकडं सरकवली. सरबत फर्मास झालं म्हणे. माझ्या काचा मात्र कोरड्या ठणठणीत.

दसऱ्याला सोनं वाटलं तोवर सुट्टी संपली, दुसरी लादी आणायला वेळ उरला नाही आणि तो परत गेला. ते प्रकरण गाळून त्यानं प्रबंध दिला, लहानसा. पदवी मिळाली, पण ज्या प्रश्नासाठी तो घर सोडून गेला होता, तो तसाच राहिला.

आता दर नवमीला अक्का मला माळ्यावरून काढते, पुसते आणि बायकांना सांगते, "ह्या पेटीनंच माझ्या भावाला डॉक्टर केलं, बरं का!" बायका मला हात जोडतात. न केलेल्या कामाची अशी जमा नावावर पडली की जीव किती चरफडतो, ते मला विचारा.

मित्रांनो, तुमच्या घरी अशी एखादी वस्तू असेल तर तिला जरूर जपा, तिची पूजाही करा. पण तिच्या कामाची वेळ आली असेल, तर हळद थोडा वेळ बाजूला ठेवा आणि आधी तिच्यात पाणी भरा.